कार्बन क्रेडिटची राष्ट्रीय योजना : शेतकऱ्यांनी सही करण्यापूर्वी समजून घ्यावे असे काही

गेल्या काही वर्षांपासून गावोगावी 'कार्बन क्रेडिट' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी गावात येतो. तुमच्या शेतातल्या झाडांचे, बांबूचे किंवा जमिनीतल्या कर्बाचे पैसे मिळतील असे सांगतो आणि सात-बाराचा उतारा व आधार कार्डाची प्रत घेऊन करारावर सही मागतो. शेतकरी बंधूंना दोन प्रश्न पडतात. हवेतल्या वायूचे पैसे कोण देणार आणि कशासाठी देणार? सही केली तर आपण नेमके काय विकले? केंद्र शासनाने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची राष्ट्रीय योजना अधिसूचित केली असून तिच्यात शेतीलाही जागा ठेवली आहे. त्यामुळे हा विषय आता प्रत्येक बागायतदाराने व जिरायतदाराने समजून घेणे आवश्यक झाले आहे.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय?

कोळसा, डिझेल, लाकूड जाळले की कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू हवेत जातो. पाणी साचलेल्या भातखाचरातून, जनावरांच्या रवंथातून व उघड्या शेणखड्ड्यातून मिथेन वायू निघतो. नत्रखतांचा काही भाग जमिनीत नायट्रस ऑक्साइड वायूत रूपांतरित होऊन उडून जातो. हे तिन्ही वायू पृथ्वीची उष्णता धरून ठेवतात, म्हणून त्यांना हरितगृह वायू म्हणतात. सर्वांची ताकद सारखी नसते. शंभर वर्षांचा विचार केला तर एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कर्बवायूइतका आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २६५ किलो कर्बवायूइतका परिणाम करतो.

हे सर्व वायू कर्बवायूच्या मापात आणून एक टन उत्सर्जन कमी केले, किंवा एक टन कर्बवायू हवेतून ओढून झाडात वा जमिनीत साठवला, की एक कार्बन क्रेडिट होते. ते केवळ तोंडी सांगून मिळत नाही. काम झाले आहे हे मोजून, तिऱ्हाईत तपासनीसाकडून पडताळून घेतल्यावरच त्याचे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र विकता येते.

योजना कशी उभी राहिली?

१९९७ मध्ये जपानमधील क्योटो येथे झालेल्या कराराने श्रीमंत देशांवर उत्सर्जन कमी करण्याचे बंधन घातले. स्वतःच्या देशात ते कमी करणे महाग पडत असल्यास भारतासारख्या देशांत झालेली घट विकत घेण्याची मुभाही दिली. हा करार २००५ मध्ये अमलात आला. आपल्या देशातील अनेक साखर कारखान्यांच्या चिपाडावर चालणाऱ्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांनी त्याखाली नोंदणी केली. कर्नाटकातील बागेपल्ली येथे सुमारे साडेपाच हजार घरगुती गोबरगॅस संयंत्रांचा एक प्रकल्पही नोंदवला गेला. लहान कुटुंबे एकत्र आली तर या बाजारात उतरू शकतात हे त्यातून दिसले.

मात्र याच काळाने दुसरा धडाही दिला. २००८ मध्ये या प्रमाणपत्राचा युरोपातील भाव २० युरोंच्या वर गेला होता. २०१२ च्या अखेरीस तो एका युरोच्याही खाली आला. ज्यांनी चढ्या भावाचे गणित मांडून खर्च केला त्यांची 'बाजारात तुरी' अशी गत झाली. कांदा-टोमॅटोचा भाव जसा पडतो तसा कार्बनचाही पडतो, हे लक्षात ठेवावे.

देशांतर्गत बाजाराची पायाभरणी २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जाबचतीच्या 'पॅट' योजनेने केली. तिच्या पहिल्या फेरीत आठ उद्योगक्षेत्रांतील ४७८ कारखान्यांना ऊर्जा वाचवण्याचे उद्दिष्ट दिले होते. उद्दिष्टापेक्षा जास्त बचत करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळे व कमी पडणाऱ्याने ते विकत घ्यावे लागे. हीच रीत पुढे कार्बनला लावण्यात आली. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या आधारे २८ जून २०२३ रोजी 'कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम' अधिसूचित झाली. यामागे देशाचे जाहीर उद्दिष्ट आहे. उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारे उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करावयाचे आहे व २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे आहे.

पैसा कोठून येतो?

ही अनुदानाची योजना नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. तुषार संचाप्रमाणे किंवा शेततळ्याप्रमाणे यात सरकारी तिजोरीतून खात्यावर रक्कम जमा होत नाही. उत्सर्जन कमी करण्यात मागे पडणारा, पुढे गेलेल्याला पैसे देतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन सिमेंट कारखान्यांना प्रत्येकी एक टन सिमेंटमागे ०.६० टन कर्बवायूची मर्यादा दिली आहे. दोघेही वर्षाला दहा लाख टन सिमेंट तयार करतात. पहिल्याने यंत्रे सुधारून उत्सर्जन ०.५८ टनांवर आणले. त्याला २०,००० प्रमाणपत्रे मिळतील. दुसऱ्याचे उत्सर्जन ०.६१ टन राहिले. त्याला १०,००० प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतील. पहिल्याच्या सुधारणेचा काही खर्च अशा रीतीने दुसऱ्याकडून वसूल होतो. एकूण मर्यादा न घालता मालाच्या टनामागे मर्यादा घातल्यामुळे उत्पादन वाढवण्यास अडचण येत नाही.

ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली, कागद, खत, लोखंड-पोलाद, पेट्रोरसायन, तेलशुद्धीकरण व कापड अशी नऊ क्षेत्रे या बंधनासाठी निवडली आहेत. त्यांपैकी ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद या चार क्षेत्रांतील २८२ कारखान्यांची उद्दिष्टे पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथम ठरवून दिली. २०२३-२४ हे पायाभूत वर्ष धरून २०२५-२६ व २०२६-२७ साठी ही उद्दिष्टे आहेत. प्रमाणपत्रे न घेणाऱ्या कारखान्यास सरासरी बाजारभावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई भरावी लागते.

योजनेचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आहे. प्रमाणपत्रांची नोंदवही, म्हणजे एक प्रकारे कार्बनचा फेरफार, ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया ही संस्था ठेवते. खरेदी-विक्रीवर केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे नियंत्रण आहे व ती वीज खरेदी-विक्रीच्या बाजारपेठांतून होते.

शेतीचे स्थान

शेतकऱ्यावर उत्सर्जन कमी करण्याचे कोणतेही बंधन या योजनेने घातलेले नाही. दंड नाही व करही नाही. डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने, ज्यांच्यावर बंधन नाही अशांनाही स्वेच्छेने प्रकल्प नोंदवून प्रमाणपत्रे मिळवण्याचा मार्ग खुला केला. त्यात शेती व वनीकरण या क्षेत्रांचा समावेश आहे. त्यानंतर २९ जानेवारी २०२४ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीक्षेत्रातील स्वेच्छा कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला.

गावात येणाऱ्या अनेक कंपन्या मात्र या राष्ट्रीय योजनेखाली नव्हे, तर व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड यांसारख्या परदेशी नोंदणी-संस्थांच्या नियमांखाली काम करतात. त्यात गैर काही नाही. पण 'सरकारी योजना आहे' असे कोणी सांगितल्यास प्रकल्पाची नोंदणी कोठे आहे व नोंदणी क्रमांक काय, हे अवश्य विचारावे.

कोणत्याही व्यवस्थेत क्रेडिट मिळण्यासाठी साधारण चार अटी असतात.

१) अतिरिक्तता : काम क्रेडिटमुळे नव्याने झालेले असावे. वीस वर्षांपूर्वी लावलेल्या आमराईचे क्रेडिट सहसा मिळत नाही.

२) मोजणी : मंजूर पद्धतीनेच मोजणी व्हावी. आपल्या कामासाठी अशी पद्धत मंजूर आहे का, हे आधी पाहावे.

३) टिकाऊपणा : साठवलेला कर्ब टिकला पाहिजे. झाड तोडले किंवा जमीन पुन्हा खोल नांगरून उघडी टाकली की साठा हवेत परत जातो.

४) दुबार मोजणी नाही : एकच टन दोघांनी विकू नये. युरिया तयार करताना कारखान्यात होणारे उत्सर्जन खत कारखान्याच्या खात्यात मोजले जाते. शेतकऱ्याच्या खात्यात केवळ शेतात होणारे उत्सर्जन येते.

एकराचा हिशोब

आता प्रत्यक्ष गणित पाहू. क्रेडिटचा भाव बदलता असल्याने समजण्यासाठी आपण एका टनास ५०० रुपये असा भाव गृहीत धरू.

*सेंद्रिय कर्ब :* एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती ६०० घनमीटर होते. मातीची घनता १.३ धरल्यास तिचे वजन ७८० टन भरते. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर नेला तर ७८० किलो कर्ब वाढला. त्याला ३.६७ ने गुणले की सुमारे २.९ टन कर्बवायू होतो. आपल्या उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतात, त्यामुळे एवढी वाढ होण्यास काही वर्षे लागतात. पाच वर्षे धरली तर एकूण क्रेडिटची किंमत सुमारे १,४५० रुपये, म्हणजे एकरी वर्षाला २९० रुपये झाली. यातून मोजणी, तपासणी व कंपनीचा वाटा वजा जाईल. भाव दुप्पट झाला तरी ही रक्कम सहाशेच्या आतच राहते.

परंतु याच ७८० किलो कर्बाची दुसरी बाजू पाहावी. जमिनीतील सेंद्रिय पदार्थात कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण १२:१ असते. म्हणजे एवढ्या कर्बाबरोबर सुमारे ६५ किलो नत्र जमिनीत साठले. तीन गोणी युरियात असते तेवढे हे नत्र आहे व ते पिकाला हळूहळू मिळत राहते. शिवाय जमिनीची जलधारणा वाढते, माती भुसभुशीत होते, पावसाचा ताण पडला तर पीक चार दिवस जास्त तग धरते. खरा फायदा येथे आहे.

*युरियाची बचत :* ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. त्यातील सरासरी एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडते असे आंतरराष्ट्रीय मोजणीत धरतात. त्याचे सुमारे ८६ किलो कर्बवायूइतके उत्सर्जन होते. युरिया विरघळताना त्यातील कर्बही सुमारे ३३ किलो कर्बवायू होऊन बाहेर पडतो. दोन्ही मिळून एका गोणीमागे सुमारे ११९ किलो होतात. म्हणजे एक क्रेडिट होण्यासाठी आठ ते नऊ गोण्या वाचवाव्या लागतील. क्रेडिटचे ५०० रुपये मिळतील तेव्हा मिळतील. पण गोणी सुमारे २६६ रुपयांची धरली तर खताचे सव्वादोन हजार रुपये त्याच हंगामात वाचतात. अर्थात ही बचत माती परीक्षणानुसार खतमात्रा देऊन, मात्रा विभागून व शेणखत-हिरवळीच्या खताची जोड देऊन करावी. क्रेडिटसाठी पिकाला उपाशी ठेवू नये.

*भातशेती :* खाचरात सतत पाणी ठेवण्याऐवजी ते आलटून-पालटून भरले व सुकवले तर मिथेनचे उत्सर्जन ४० ते ५० टक्क्यांनी कमी होऊ शकते. ११० दिवसांच्या पिकात एकरी साधारण अर्ध्या टनाच्या आसपास घट मिळते. खाचर सुकताना नायट्रस ऑक्साइड थोडे वाढते, ते यातून वजा करतात. यासाठी भोके पाडलेला सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा पाइप खाचरात रोवावा. त्यातील पाण्याची पातळी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेली की पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी कायम ठेवावे. कोकणात किंवा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात खरिपाच्या भर पावसात खाचर सुकवणे आपल्या हाती नसते. ही पद्धत उन्हाळी भातात व पाणी हाती असलेल्या ठिकाणी उपयोगी पडते. बांधाला बांध लागून पाणी वाहते तेथे शेजाऱ्यांनी मिळूनच ती अमलात आणावी लागते.

या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कार्बन क्रेडिट हे मुख्य पीक नसून बांधावरच्या तुरीसारखे जोडउत्पन्न आहे. त्यासाठी मुख्य पिकाची जागा किंवा जमिनीवरचा आपला हक्क देऊ नये.

एकट्याने की गटाने?

प्रकल्पाची नोंदणी, मातीचे नमुने, क्षेत्रभेटी व तिऱ्हाईत तपासणी यांचा खर्च मोठा असतो. तो दोन-चार एकरांवर परवडत नाही. म्हणून शेकडो-हजारो शेतकऱ्यांचे क्षेत्र एकत्र करून एकच प्रकल्प करतात. हे काम सध्या बहुधा खासगी कंपन्या करतात. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा भातपट्ट्यातील पाणीवापर संस्था यांनी एकत्र येऊन वाटाघाटी केल्यास शेतकऱ्याचा वाटा वाढू शकतो. निदान कराराच्या अटी वाचणारे चार जण तरी सोबत असतात. थेंबे थेंबे तळे साचते खरे. पण तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हे आधी ठरवून घ्यावे.

करार करण्यापूर्वी हे तपासावे

१) करार मराठीत मागावा व त्याची सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.

२) मुदत किती वर्षांची आहे? वृक्षलागवडीच्या प्रकल्पांत ती वीस वर्षे किंवा त्याहून जास्त असू शकते. एवढ्या काळात झाड तोडण्यास, पीक बदलण्यास किंवा विहीर-गोठा बांधण्यास आडकाठी आहे का?

३) शेतकऱ्याचा वाटा एकूण विक्रीवर आहे की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर? 'खर्चा'त काय काय धरले आहे?

४) पहिली रक्कम कधी मिळणार? मोजणी व पडताळणी झाल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही, त्यामुळे एक-दोन वर्षे किंवा अधिक काळ काहीच मिळत नाही असे होऊ शकते.

५) भाव पडल्यास किमान रकमेची हमी आहे का?

६) आग, पूर, कीड यांमुळे झाडे गेल्यास वसुली कोणाकडून होणार?

७) जमीन विकल्यास, वाटणी झाल्यास किंवा खातेदाराचे निधन झाल्यास कराराचे काय? सामाईक खाते असेल तर सर्व खातेदारांची संमती घ्यावी. जमीन खंडाने किंवा वाट्याने असेल तर कसणाऱ्याचा वाटाही लेखी ठरवावा.

८) सात-बारावर बोजा चढवला जाणार नाही, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. मूळ कागदपत्रे कोणाकडेही देऊ नयेत.

९) नोंदणी फी म्हणून आगाऊ रक्कम मागितल्यास सावध व्हावे.

१०) एका गटाचे क्रेडिट एकाच प्रकल्पात देता येते. एका कंपनीशी करार असताना दुसरीकडे सही करू नये.

११) करारातून बाहेर कसे पडता येते व तंटा झाल्यास तो कोणत्या गावी चालवला जाईल, हे पाहावे. शंका असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

आजपासून काय करावे?

क्रेडिट मिळो वा न मिळो, पुढील कामे तोट्याची नाहीत. माती परीक्षण करून सेंद्रिय कर्बाचा आकडा व तारीख जपून ठेवावी. मात्र कार्बन प्रकल्पात बहुधा ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचे नमुने व मातीची घनताही लागते. त्यामुळे केवळ मृद आरोग्य पत्रिका पुरेशी होत नाही. उसाचे पाचट, गव्हाचे काड व पऱ्हाट्या जाळू नयेत. पाचट सरीत कुजवावे, पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे करून कंपोस्ट करावे. शेणखड्डा उघडा न ठेवता गोबरगॅसची सोय करावी. मशागत बेताची ठेवावी व दोन पिकांमध्ये हिरवळीचे पीक घ्यावे. बांधावर व पडीक जमिनीवर झाडे लावावीत. लागवडीची तारीख, झाडांची संख्या, खताच्या पावत्या, पाणी दिल्याच्या तारखा व शक्य तर छायाचित्रे एका वहीत नोंदवावीत. पुढे एखाद्या चांगल्या प्रकल्पात सहभागी होण्याची वेळ आली तर ही वहीच आपला पुरावा ठरेल.

कारखान्याच्या धुराला किंमत लागली, ही चांगली गोष्ट आहे. त्या किमतीतला काही भाग जमीन सुधारणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचावा हेही रास्त आहे. परंतु तो पोहोचेपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जमिनीत वाढलेला कर्ब प्रथम शेतकऱ्याच्याच पिकाला लागू पडतो. त्याचे प्रमाणपत्र विकायचे की नाही, हा निर्णय हिशोब मांडून, करार वाचून व घरातल्या सर्वांशी बोलून सावकाश घ्यावा.